पित्ताशय काढल्यानंतर यकृताची काळजी: कशाला घाबरायचं नाही, कशाकडे दुर्लक्ष करायचं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४८. खड्यांच्या त्रासामुळे तीन वर्षांपूर्वी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आता पोटात दुखत नाही, भूक चांगली आहे. नेहमीच्या तपासणीत मात्र सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर ग्रेड १’ आणि ‘मुख्य पित्तनलिका ८ मिलिमीटर’ असं आलं. यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारी एसजीपीटी ५८ आणि एसजीओटी ४४, काविळीचं मोजमाप असलेलं बिलिरुबिन आणि पित्त तुंबलं की चढणारं अल्कलाइन फॉस्फेटेज नॉर्मल, प्लेटलेट २ लाख ४० हजार. पित्ताशय नसल्याने लिव्हरवर ताण येतोय का, पुढे सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होऊन निकामी होत जाणं) होईल का, आणि आयुष्यभर काय पाळायचं?

पित्ताशय गेल्यामुळे यकृताचं काम वाढत नाही, आणि निव्वळ तेवढ्या कारणाने सिरॉसिस होत नाही. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी यकृत बिघडलेलं दिसतं तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते. एक तर पित्तनलिकेत कुठेतरी अडथळा राहिलेला असतो: सुटलेला खडा, किंवा शस्त्रक्रियेत नलिकेला झालेली इजा. नाहीतर ज्या चयापचयाच्या बिघाडामुळे खडे झाले तोच बिघाड आता यकृतात चरबी साठवत असतो. पहिली गोष्ट थोड्यांच्या वाट्याला येते, पण आली तर तिथे तास आणि दिवस महत्त्वाचे. दुसरी खूप जणांना असते आणि वर्षानुवर्षं काही न बोलता चालू राहते. तुम्ही दिलेले आकडे दुसऱ्या प्रकाराकडे बोट दाखवतात. खडे काढून झाले, खड्यांचं कारण शरीरातच आहे.

यकृत दिवसाला साधारण ५०० ते १००० मिली पित्त तयार करतं. पित्ताशयात मावतं जेमतेम ३० ते ५० मिली. दोन जेवणांच्या मधे आलेलं पित्त धरून ठेवायचं, त्यातलं पाणी शोषून ते दाट करायचं, आणि जेवणातली चरबी लहान आतड्यात पोचली की कोलेसिस्टोकायनिन या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर ते आतड्यात सोडायचं, एवढं त्याचं काम. पित्त बनवण्यात त्याचा वाटा काहीच नाही. ते काढलं की पित्त पातळ रूपात, थोडंथोडं, दिवसभर आतड्यात उतरत राहतं. बहुतेकांचं शरीर काही आठवड्यांत याला सरावतं आणि चरबीचं पचन जवळजवळ पूर्वीसारखं चालतं. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा ठरवून पित्ताशय काढलं ते १८८२ साली. पित्ताशयाविना जगणाऱ्या माणसांचा वैद्यकाला असलेला अनुभव इतका जुना आहे.

तरीही ‘काहीच फरक पडत नाही’ हेही पूर्ण खरं नाही. शरीरातली पित्ताम्लं एकूण २ ते ४ ग्रॅमच असतात. तीच पुन्हा पुन्हा वापरली जातात: आतड्यात जातात, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्यातली सुमारे ९५ टक्के शोषली जातात, आणि रक्तावाटे यकृतात परत येतात. पित्ताशय असताना हा फेरा जेवणाच्या वेळांशी बांधलेला असतो. ते नसताना फेरा उपाशीपोटीही चालतो, आतड्यातल्या जिवाणूंशी पित्ताम्लांचा संबंध वाढतो आणि त्यांचं मिश्रण थोडं बदलतं. पित्ताम्लं फक्त चरबी विरघळवत नाहीत. यकृतात आणि आतड्यात त्यांना ओळखणारे रिसेप्टर आहेत आणि साखर-चरबीच्या चयापचयाला त्यांच्याकडून संदेश मिळतात. म्हणून पित्ताशय काढल्यावर फॅटी लिव्हरचा संभव थोडा वाढतो का, हा प्रश्न संशोधकांनी गंभीरपणे घेतला आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणाच्या माहितीत पित्ताशय काढलेल्या लोकांमध्ये फॅटी लिव्हर जास्त आढळलं, आणि वजन, मधुमेह वगैरे गोष्टींचा हिशेब वजा केल्यावरही तो फरक उरला. नुसते खडे असलेल्यांत तसा ठळक फरक दिसला नाही. ही सांगड आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही.

यातून काय घ्यायचं, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. खड्यांमुळे वारंवार कळा येत असतील, पित्ताशयाला सूज आली असेल, खडा नलिकेत घसरला असेल किंवा त्याने स्वादुपिंडाला सूज आणली असेल, तर फॅटी लिव्हरच्या भीतीने शस्त्रक्रिया टाळणं धोक्याचं आहे. याउलट सोनोग्राफीत सहज सापडलेले, कधीही न दुखलेले खडे असतील आणि यकृतात आधीच चरबी असेल, तर घाईने पित्ताशय काढू नये. अशा मुक्या खड्यांपैकी वर्षाला साधारण १ ते ४ टक्केच त्रास देऊ लागतात. दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप, पित्ताशयाच्या भिंतीत कॅल्शियम साचणं, असे काही अपवाद आहेत. ते सर्जनशी बोलून ठरवावेत.

आता तुमच्या रिपोर्टमधल्या ८ मिलिमीटरबद्दल. पित्ताशय असलेल्या माणसाची मुख्य पित्तनलिका साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असते आणि वयाबरोबर थोडी रुंदावते. पित्ताशय काढल्यावर ती १० मिलिमीटरपर्यंत रुंद दिसू शकते. त्रास नाही, बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी (पित्त तुंबलं की वाढणारं आणखी एक एन्झाइम) नॉर्मल आहेत, नलिकेत खडा दिसत नाही, तर ८ मिलिमीटर या आकड्यासाठी काहीही करायचं नाही. पुढच्या वेळी सोनोग्राफी करताना जुना रिपोर्ट सोबत न्यावा, म्हणजे तुलना करता येईल. ८ चे पुढच्या वेळी १२ झाले, किंवा रुंदी तेवढीच राहून अल्कलाइन फॉस्फेटेज चढू लागलं, तर मात्र एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करावी. यात इंजेक्शन किंवा दुर्बीण लागत नाही आणि नलिकांचं चित्र स्वच्छ मिळतं. फक्त ३ ते ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे कधी कधी सुटतात. तिथे एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड (तोंडातून घातलेल्या दुर्बिणीच्या टोकावरून केलेली सोनोग्राफी) जास्त भरवशाची.

‘एकदा ईआरसीपी करून बघून घेऊ’ असं कुणी म्हणालं तर थांबा. ईआरसीपी हा उपचार आहे, नुसतं बघण्याची तपासणी नव्हे. त्यात तोंडातून दुर्बीण घालून नलिकेच्या तोंडाशी छेद देतात आणि खडा बास्केटने किंवा फुग्याने ओढून काढतात. त्यानंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचं प्रमाण साधारण ३ ते १० टक्के आहे. खडा आहे हे आधी एमआरसीपीत किंवा अल्ट्रासाऊंडमध्ये दिसलं, किंवा लक्षणं आणि रक्ततपासणी मिळून तसा दाट संशय आला, तरच ती करावी. ज्याला खडा नाही आणि ज्याच्या नलिका बारीक आहेत अशा रुग्णात ती जास्त त्रासदायक ठरते.

नलिकेत राहिलेल्या खड्याची वेळही पाहावी लागते. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांच्या आत सापडलेला खडा बहुधा त्या वेळीच पित्ताशयातून नलिकेत उतरलेला असतो. त्यानंतर सापडलेला खडा नलिकेतच तयार झाला असं धरतात; असे खडे बहुतेक वेळा तपकिरी, मऊ असतात आणि त्यांच्यामागे पित्त तुंबणं आणि जिवाणूसंसर्ग असतो. अशा वेळी खडा काढून भागत नाही. नलिका कुठे अरुंद झाली आहे का, हेही शोधावं लागतं, नाहीतर खडे पुन्हा होतात.

खडा नलिकेत अडकतो तेव्हा रक्ततपासणी डॉक्टरांनाही चकवू शकते. कळ आल्यावर पहिल्या दिवसात एसजीपीटी आणि एसजीओटी कित्येक शेकड्यांवर उडी मारतात, अल्कलाइन फॉस्फेटेज मात्र अजून फारसं हललेलं नसतं. अशा रुग्णाला ‘व्हायरल हिपॅटायटिस’ म्हणून घरी पाठवलं जाण्याचा धोका असतो. फरक ओळखण्याची खूण अशी: खड्याने चढलेले आकडे खडा सरकला की दोन-तीन दिवसांत झपाट्याने उतरतात, आणि आधी वरच्या पोटात उजवीकडे किंवा मध्यभागी जोराची कळ आलेली असते. हिपॅटायटिसमध्ये मळमळ आणि अशक्तपणा पुढे असतो आणि आकडे आठवडे घेत उतरतात. पित्ताशय काढलेल्या माणसाला अशी कळ येऊन एसजीपीटी ४०० आलं, तर नलिकेत खडा नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच समजावं.

पोटदुखीसोबत कावीळ आणि हुडहुडी भरून ताप, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर तो नलिकेतला संसर्ग आहे. तुंबलेलं पित्त दाबाखाली असतं आणि जिवाणू थेट रक्तात ढकलले जातात. अशा वेळी घरी गोळ्या घेऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालयात शिरेतून अँटिबायोटिक सुरू होणं आणि नलिका मोकळी करणं हे जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. वयस्कर किंवा मधुमेही माणसाला ताप न येता नुसती ग्लानी, बरळणं किंवा रक्तदाब उतरणं एवढंच दिसू शकतं.

शस्त्रक्रियेतली नलिकेची इजा हा विषय लोक कुजबुजत बोलतात, तो नीट समजून घ्यायला हवा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तिचं प्रमाण हजारी ३ ते ५ इतकं आहे. नेहमीची चूक म्हणजे सुजलेल्या, चिकटलेल्या भागात मुख्य पित्तनलिकेलाच पित्ताशयाची नळी समजून क्लिप लावणं आणि कापणं. ती टाळायला सर्जन तीन गोष्टी डोळ्यांनी पाहून खात्री करतात: पित्ताशय, यकृत आणि नलिका यांच्या मधला त्रिकोण चरबी आणि तंतूंपासून मोकळा झाला आहे, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटा झाला आहे, आणि पित्ताशयात दोनच, फक्त दोनच गोष्टी शिरताना दिसतात, एक नळी आणि एक रोहिणी. हे दिसत नसेल तर पित्ताशयाचा नळीजवळचा भाग तसाच ठेवून बाकीचं काढणं किंवा पोट उघडून काम करणं हा शहाणपणाचा निर्णय असतो. ‘अर्धवट पित्ताशय काढलं’ किंवा ‘दुर्बिणीने सुरू करून शेवटी पोट उघडलं’ असं डिस्चार्ज कार्डावर असेल तर ती सर्जनची हार समजू नका. बऱ्याचदा त्यानेच रुग्णाचं यकृत वाचलेलं असतं. अर्धवट काढलेल्या पित्ताशयाच्या उरलेल्या भागात पुढे खडे होऊ शकतात, एवढं मात्र लक्षात ठेवावं आणि पुढच्या डॉक्टरांना सांगावं.

इजा झाली असेल तर बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच शरीर सांगतं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण रोज थोडा थोडा बरा व्हायला हवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढत असेल, पोट फुगत असेल, ताप असेल, डोळे पिवळे दिसत असतील, जखमेतून किंवा ड्रेनमधून हिरवट-पिवळा द्राव येत असेल, तर सोनोग्राफी आणि रक्ततपासणी त्याच दिवशी व्हावी. उजव्या खांद्यात दुखतं ते बऱ्याचदा पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे असतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. तेवढ्याने घाबरू नये. पित्त गळत असेल आणि मुख्य नलिका अखंड असेल, तर साचलेलं पित्त बाहेर काढणं आणि ईआरसीपीने स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकणं पुरतं. मुख्य नलिका कापली गेली असेल तर आतड्याचा भाग वर आणून नलिकेला जोडावा लागतो, आणि हे काम यकृत-पित्तमार्गाच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या केंद्रातच व्हावं. पहिली दुरुस्ती नीट झाली तर निकाल चांगला असतो. घाईत, सूज असताना, अननुभवी हातांनी केलेली दुरुस्ती पुन्हा आकसते.

आणि इथेच दीर्घकाळाचा यकृताचा प्रश्न येतो. नलिका पूर्ण बंद न होता हळूहळू अरुंद होत गेली तर कावीळ होतेच असं नाही. बऱ्याचदा फक्त अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी वाढलेले राहतात, अंगाला खाज सुटते, मधूनच थंडी वाजून ताप येतो. वर्षानुवर्षं असं तुंबलेलं पित्त यकृतात व्रण तयार करतं आणि पुढे सिरॉसिस होऊ शकतो. म्हणून शस्त्रक्रियेत काही गुंतागुंत झाली असेल, स्टेंट टाकला असेल किंवा नलिकेची दुरुस्ती केली असेल, तर दर सहा महिन्यांनी लिव्हर फंक्शन टेस्ट अनेक वर्षं चालू ठेवावी. प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढायचा किंवा बदलायचा असतो. तो विसरला गेला की बुजतो आणि त्यातूनच संसर्ग होतो. हे विसरणं नेहमीच्या अनुभवातलं आहे, त्यामुळे तारीख रुग्णाने स्वतः लिहून ठेवावी.

शस्त्रक्रियेनंतर लगेच केलेल्या लिव्हर फंक्शन टेस्टवरून मात्र घाबरू नये. पोटात वायू भरल्याने यकृताचा रक्तपुरवठा काही काळ कमी होतो, यकृत उपकरणाने उचलून धरलेलं असतं, भुलीची औषधं असतात. यामुळे एसजीपीटी आणि एसजीओटी दुप्पट-तिप्पट होऊन साधारण आठवड्यात पूर्ववत येतात. काहींचं बिलिरुबिन दीड ते तीनच्या दरम्यान येतं, बाकी सगळं नॉर्मल असतं आणि वाढ जवळजवळ सगळी ‘इनडायरेक्ट’ भागात असते. हा बहुधा गिल्बर्ट सिंड्रोम असतो: जन्मजात, निरुपद्रवी, आणि उपवासाने किंवा शस्त्रक्रियेच्या ताणाने उघड होणारा. त्याला औषध नाही आणि लागतही नाही. ‘डायरेक्ट’ बिलिरुबिन वाढलं असेल तर विषय वेगळा. तिथे नलिका तपासायलाच हवी.

एक कागद बहुतेक घरांत फाइलमध्ये न वाचता पडून राहतो: काढलेल्या पित्ताशयाचा हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा) रिपोर्ट. तो शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी येतो, तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. क्वचित त्यात अनपेक्षितपणे कर्करोग सापडतो, आणि तो भिंतीच्या स्नायूपर्यंत किंवा पलीकडे गेला असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया करून यकृताचा लगतचा भाग काढावा लागू शकतो. तुमचा रिपोर्ट आजवर पाहिला नसेल तर आज शोधा. खडे काळे, कोळशासारखे होते असं सर्जनने सांगितलं असेल तर तेही महत्त्वाचं. असे खडे रक्तपेशी लवकर फुटणाऱ्या आजारांत (सिकल सेल, थॅलेसेमिया, स्फेरोसायटोसिस) किंवा आधीपासूनच असलेल्या सिरॉसिसमध्ये होतात. तिथे कोलेस्टेरॉलला दोष देऊन उपयोग नाही. हिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाइट (नव्याने तयार झालेल्या लाल पेशी), प्लेटलेट आणि यकृताचा कडकपणा तपासावा लागतो.

आता तुमच्या फॅटी लिव्हरकडे येऊ. सोनोग्राफीतला ‘ग्रेड १’ हा आकडा चरबी किती दिसते एवढंच सांगतो, आणि तेही बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून. यकृताचं भवितव्य ठरवतं ते फायब्रोसिस, म्हणजे व्रण पडून आलेला कडकपणा. ग्रेड १ मध्येही फायब्रोसिस असू शकतो आणि ग्रेड ३ मध्ये नसूही शकतो. तो चाळण्याची पहिली, जवळजवळ फुकटची पद्धत म्हणजे फिब-४. वयाला एसजीओटीने गुणायचं. दुसरीकडे प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. तुमचा हिशेब: ४८ गुणिले ४४ म्हणजे २११२. ५८ चं वर्गमूळ ७.६२, गुणिले २४० म्हणजे सुमारे १८२८. भागाकार १.१६. हा आकडा १.३ च्या खाली आहे, म्हणजे आज गंभीर फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी. १.३ ते २.६७ च्या मधे असता तर फायब्रोस्कॅन (बाहेरूनच यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) सांगितला असता. त्यात ८ किलोपास्कलच्या खालचं माप दिलासा देणारं, १२ च्या वरचं माप यकृततज्ज्ञाकडे नेणारं. २.६७ च्या वर असता तर फायब्रोस्कॅनची वाट न पाहता थेट तज्ज्ञाकडे पाठवलं असतं. पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा २ धरतात, आणि पस्तिशीच्या आत हे गणित भरवशाचं नाही.

एसजीपीटी ५८ ला ‘थोडंच वाढलंय’ म्हणून सोडू नये. प्रयोगशाळेच्या कागदावर मर्यादा ४०-५० छापलेली असली तरी निरोगी यकृताचं एसजीपीटी पुरुषांत साधारण ३३ च्या आणि स्त्रियांत २५ च्या आत असतं. एकदा हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी करून घ्या. या दोन्हींवर उपचार आहेत आणि दोन्ही वर्षानुवर्षं लक्षणांविना राहू शकतात. सोबत उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, ट्रायग्लिसराइड, थायरॉइड, रक्तदाब आणि कमरेचा घेर. खडे आणि फॅटी लिव्हर दोन्ही असलेल्या माणसात इन्सुलिनला दाद न देणारं शरीर सापडणं हा अपवाद नव्हे, नियम आहे.

उपचारात सगळ्यात वजनदार गोष्ट वजन हीच. ५ टक्के घटलं की यकृतातली चरबी कमी होते, ७ ते १० टक्क्यांनी सूज उतरते, आणि १० टक्के किंवा जास्त टिकवून धरलं तर फायब्रोसिसही मागे हटू शकतो. ८० किलोच्या माणसासाठी हे अनुक्रमे ४ किलो, साडेपाच ते ८ किलो आणि ८ किलोच्या पुढे. वेग आठवड्याला अर्धा ते एक किलो. आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगाने वजन उतरवलं की पित्तात कोलेस्टेरॉलचं प्रमाण वाढतं आणि खडे होतात. ज्यांचं पित्ताशय अजून जागेवर आहे अशा घरच्या माणसांना हे आवर्जून सांगा, कारण अतिकडक डाएट करणाऱ्यांना त्याच काळात पहिली कळ येते. आठवड्यातून १५० मिनिटं दम लागेल असं चालणं आणि दोन वेळा स्नायूंचा व्यायाम, एवढ्यानेही वजनाचा काटा न हलता यकृतातली चरबी कमी होते. खाण्यात पहिली कात्री गोड पेयांवर चालवावी, पॅकबंद फळांच्या रसावरही. फ्रुक्टोजचं चरबीत रूपांतर थेट यकृतातच होतं. साखर न घातलेली कॉफी दिवसाला दोन-तीन कप पीत असाल तर ती सोडायची गरज नाही. कॉफी पिणाऱ्यांत फायब्रोसिस कमी आढळतो.

पित्ताशय काढलं म्हणून तेल-तूप आयुष्यभर वर्ज्य, हा समज चुकीचा आहे आणि नुकसानही करतो. पहिले तीन-चार आठवडे जेवण लहान, चरबी बेताची आणि दिवसभर विभागलेली ठेवावी, कारण एका वेळी खूप चरबी आली तर सोडायला दाट पित्ताचा साठा नसतो. त्यानंतर हळूहळू पूर्ववत. चरबी पूर्ण बंद केली की माणूस पोट भरायला मैदा, साखर आणि पिठूळ पदार्थ वाढवतो, आणि फॅटी लिव्हर त्यानेच वाढतं.

दहातल्या एखाद्याला शस्त्रक्रियेनंतर पातळ शौचाचा त्रास होतो, विशेषतः सकाळी किंवा जेवणानंतर लगेच. न शोषलेली पित्ताम्लं मोठ्या आतड्यात पोचून पाणी ओढतात हे त्याचं कारण. इसबगोलसारखा विरघळणारा तंतू आधी वापरून बघावा. न थांबल्यास कोलेस्टायरामिन ४ ग्रॅमची पुडी, डॉक्टरांच्या सल्ल्याने. हे औषध बाकीच्या औषधांनाही चिकटून बसतं, म्हणून थायरॉइडची, रक्त पातळ करणारी किंवा इतर गोळी त्याच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यावी. त्याने ट्रायग्लिसराइड वाढू शकतात, आणि फॅटी लिव्हरच्या रुग्णात ते आधीच जास्त असतात. सुरू करण्याआधी तपासावेत. दीर्घकाळ चालवलं तर अ, ड, ई, के जीवनसत्त्वांकडेही लक्ष हवं. रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, वजन घटणं किंवा शौचात रक्त असेल तर ते पित्ताशयाच्या खात्यावर टाकू नका, वेगळी तपासणी हवी.

औषधांबाबत. पॅरासिटामॉल निरोगी प्रौढाला २४ तासांत ४ ग्रॅमपर्यंत चालतं. रोज दारू पिणाऱ्याने किंवा जुना यकृतविकार असलेल्याने २ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही ते असतं, हे बेरजेत विसरलं जातं. कोडीन असलेल्या खोकल्याच्या किंवा वेदनेच्या औषधाने पित्ताशय काढलेल्या काहींना नलिकेच्या तोंडाचा स्नायू आवळून खड्यासारखीच कळ येते, क्वचित स्वादुपिंडाला सूजही. असं झालं असेल तर ते औषध पुन्हा घेऊ नये आणि प्रत्येक डॉक्टरला सांगावं. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल तर एसजीपीटी ५८ आहे म्हणून ते बंद करू नका. फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन सुरक्षित आहे आणि अशा रुग्णांचा मोठा धोका हृदयविकाराचाच असतो.

‘लिव्हर डिटॉक्स’च्या नावाने मिळणाऱ्या गोष्टींपासून दूर राहा. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन शौचातून पडणारे हिरवे गोळे हे खडे नसतात. तेल आणि पचनरस यांच्यापासून आतड्यातच तयार झालेल्या साबणाच्या गाठी असतात. पित्ताशय काढलेल्यांनाही त्या ‘पडतात’, यावरून काय ते समजावं. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल, अश्वगंधा, मिरीच्या अर्कासोबत दिलेला हळदीचा तीव्र अर्क, यांनी यकृताला गंभीर इजा झाल्याची वैद्यकीय नोंद आहे. वनस्पतीजन्य आहे म्हणून निर्धोक, असं यकृत मानत नाही. दारूचा पित्ताशय असण्या-नसण्याशी संबंध नाही, पण यकृतात चरबी असताना थोडी दारूही फायब्रोसिसचा वेग वाढवते. तुमच्या परिस्थितीत मी शून्य सांगेन.

ज्यांना पित्ताशय काढण्याआधीच सिरॉसिस आहे त्यांच्यासाठी हिशेब वेगळा. चाइल्ड-प्यू या सिरॉसिसची तीव्रता मोजणाऱ्या वर्गवारीत (ए सौम्य, सी गंभीर) वर्ग ए आणि निवडक बीमध्ये दुर्बिणीची शस्त्रक्रिया अनुभवी हातांत करता येते. वर्ग सीमध्ये रक्तस्राव आणि यकृत निकामी होण्याचा धोका इतका असतो की ती शक्यतो टाळून, गरज पडल्यास नळीने पित्त बाहेर काढण्यासारखे मार्ग निवडतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असतील किंवा सोनोग्राफीत प्लीहा मोठी दिसत असेल, तर यकृत तपासल्याशिवाय तारीख घेऊ नये.

तुम्ही आता एवढं करा. हिपॅटायटिस बी-सी, साखर आणि ट्रायग्लिसराइड या आठवड्यात. हिस्टोपॅथॉलॉजी आणि शस्त्रक्रियेची नोंद फाइलमधून काढून वाचा किंवा वाचून घ्या. सहा महिन्यांत वजनाचे ५ ते ७ टक्के कमी, दारू बंद, आणि तेव्हा जीजीटीसह लिव्हर फंक्शन टेस्ट पुन्हा. एसजीपीटी उतरलं तर मार्ग बरोबर आहे. पुढे वर्षातून एकदा टेस्ट आणि फिब-४ पुरेत, मधुमेह नसेल तर दोन-तीन वर्षांतून एकदा फिब-४ही चालेल. वजन उतरूनही एसजीपीटी तिथेच राहिलं तर ऑटोइम्यून हिपॅटायटिस, लोह साठण्याचा आजार आणि चालू औषधं यांचा विचार करायला यकृततज्ज्ञाकडे जा. आणि यादरम्यान कधीही पोटात जोराची कळ, गडद लघवी, पांढुरकी शौच, पिवळे डोळे किंवा थंडी वाजून ताप आला, तर ही सहा महिन्यांची मुदत बाजूला ठेवून त्याच दिवशी बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज, एसजीपीटी, लायपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) आणि सोनोग्राफी करून घ्या.